आनंदीबाई ते मंथरा

ललिता पवार हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभी राहते ती खाष्ट सासू. दिल्लीचा किंवा कानपूरचा आपला अमराठी शेजारीही तिला ओळखतो, आणि ती मराठी असल्याचे कळताच त्याला किंचित अचंबा वाटतो. बाईंविषयी सर्वतोमुखी असलेली कथाही एकच. १९४२ साली 'जंग-ए-आज़ादी'च्या चित्रीकरणात भगवान यांच्या हातून थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला; नायिका संपली आणि खलनायिका जन्मास आली. ही कथा खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. तीत सारे श्रेय अपघाताच्या पदरात पडते आणि बाईंच्या वाट्याला केवळ दुर्दैव उरते.

अपघातापूर्वीच त्यांच्या गाठीस चांगल्या चौदा वर्षांचा अनुभव होता. १९१६ साली येवल्यास जन्मलेली ही अंबा सगुण १९२८च्या मूक 'राजा हरिश्चंद्र'त बालवयातच पडद्यावर आली. १९३२च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. १९३५चा 'हिम्मत-ए-मर्दा' नायिका म्हणून गाजला, आणि त्याच दशकात टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर आधारलेला 'दुनिया क्या है' तिने स्वतः काढला. विशीतली नटी टॉलस्टॉयवर पैसा लावते, ही गोष्ट आमच्या चित्रपट-इतिहासकारांनी अधिक ठळकपणे नोंदवावयास हवी होती.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच. नटनटी महिन्याच्या पगारावर; नेमून दिलेले काम करावयाचे, ही शिस्त. हजेरीपटावर सही करणाऱ्या आपणांस ती निराळी समजावून सांगावयास नको. फरक इतकाच, की तेथे नायिकेचा चेहरा हे भांडवल असे, आणि भांडवल बुडाले की हिशेब मिटे.

तो हिशेब बाईंच्या बाबतीत मिटला नाही, याचे कारण प्रभातचा १९४४चा 'रामशास्त्री'. शांताराम १९४२तच प्रभात सोडून गेले होते. तरीही संस्थेपाशी पात्रपारख शिल्लक होती. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यांसमोर बाईंना आनंदीबाई मिळाली. ही भूमिका दिसते तितकी सोपी नव्हे. १७७३च्या नारायणरावाच्या खुनाचा आणि 'ध'चा 'मा' झाल्याचा निकाल मराठी घरांतून कधीच लागलेला. प्रेक्षक आरोपीला शिक्षा देऊनच चित्रगृहात शिरतो. अशा प्रेक्षकाला त्या स्त्रीची महत्त्वाकांक्षा खरी वाटावयास लावणे, हे काम अधू डोळ्याने होत नाही. त्याला पेशवाई वाणी पेलावी लागते आणि अधिकाराची चाल अंगी मुरावी लागते. नायिकापदावरून उतरलेल्या नटीला पुढची वाट याच भूमिकेने दाखविली.

मग सासूचा शिक्का कोठून आला? माझ्या मते तो डोळ्याने मारला नाही, बाजाराने मारला. पगारी स्टुडिओ एकेक करून मोडत गेले. प्रभातलाही १९५३त टाळे लागले. आता प्रत्येक चित्रपटास नटनटींशी स्वतंत्र करार, आणि निर्मात्याला घाई. ज्या नटीला पाहताच प्रेक्षक ओळखतो, तिच्या पात्राची ओळख करून देण्यात रीळ खर्ची पडत नाही. १९५०च्या शांतारामांच्या 'दहेज'मधील सासू लोकांनी मनापासून शिव्या घालीत पाहिली. मग तीच मागणी वर्षानुवर्षे येत राहिली, आणि बाईंनी ती चोख पुरविली.

या साच्यात किती मावत नव्हते, ते हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त (१९५९) दिसते. मिसेस डिसा ही भाडेकरूवर तोंडाने खेकसणारी आणि आतून जीव लावणारी घरमालकीण. खेकसणे तेच, स्वरही बराचसा तोच. पण त्याखालून माया वाहते. विषारी औषधाने ती मरते तेव्हा चित्रपटातील घरपणच संपते. या भूमिकेस सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी 'श्री ४२०'मधील केळेवाली गंगामाई आणि नंतर 'प्रोफेसर'मधील (१९६२) करड्या शिस्तीची पण म्हातारपणी मोहरणारी सीतादेवी, या दोघीही त्याच जातीच्या. कठोर चेहऱ्यावर लाज उमटताना पाहण्यातील मौज त्या सीतादेवीत आहे, आणि ती मला शम्मी कपूरच्या उड्यांहून अधिक मोलाची वाटते.

१९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. १९८७त दूरदर्शनच्या 'रामायणा'त त्या मंथरा होऊन आल्या, तेव्हा सत्तरी उलटली होती. पेशव्यांच्या वाड्यापासून अयोध्येच्या राजवाड्यापर्यंत कान फुंकण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच आले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या पुण्यात वारल्या.