रस्त्यावरचे मीठ, खाडीच्या तळाशी

हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर जाडे मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, हे आपण वर्गात शिकवतोच. हाच गुण अमेरिकेत रस्त्यांवर कामाला लावला गेला. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये प्रयोग म्हणून रस्त्यांवर मीठ पसरले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात देशभर सुमारे ५,००० टन मीठ पडले. आज हा आकडा वर्षाला एक कोटी टनांच्या वर आहे. त्याने अपघात टळतात, तेव्हा मिठाला सरसकट दोष देणे आम्हांला पटत नाही.

पण बर्फ वितळल्यावर हे मीठ जाते कोठे? न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराशेजारी ओंटारिओ सरोवराचा इरोंडिक्वॉइट नावाचा एक फाटा आहे. गोड्या पाण्याची खाडीच म्हणा ना! वसंतात अशा जलाशयाचे वरचे पाणी तापत तापत ४ अंशांवर येते, त्याची घनता तळच्या पाण्याइतकी होते आणि वारा सगळे पाणी घुसळून काढतो. तळच्या जीवांना प्राणवायू मिळतो तो या घुसळणीतून. १९७० च्या वसंतात ही घुसळण पुरी झालीच नाही. रस्त्यांवरून आलेले खारे, जड पाणी तळाशी बसून राहिले होते. दोन दशकांत खाडीतील क्लोराइड निदान पाचपट वाढल्याचे संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. १९३९ च्या स्थितीशी ताडून पाहता, उन्हाळ्यात पाणी थराथरांनी राहण्याचा काळही महिनाभर लांबला होता.

वर्गात हे दाखवता येते. उंच ग्लासात साधे पाणी घ्या. शाई घातलेले दाट मिठाचे पाणी ड्रॉपरने हळूच तळाशी सोडा आणि वरून फुंकर घाला. वर लाटा उठतील. रंगीत थर जागचा हलणार नाही.

१९७४ पासून त्या परिसरात मीठ कमी टाकू लागले. पुढच्या दहा वर्षांत क्लोराइड उतरले, घुसळणही सुधारली. दुसरे पदार्थही पुढे आले. कॅल्शियम मॅग्नेशियम अॅसिटेटमध्ये क्लोराइड नाही, पण ते मिठाच्या कितीतरी पट महाग. शिवाय पाण्यात जिवाणू त्याचे विघटन करताना प्राणवायूच खर्च करतात. बीटाच्या रसाचेही तेच. वाळूने चाकांना पकड मिळते, बर्फ मात्र वितळत नाही आणि गटारे तुंबतात. त्यामानाने साधी युक्ती अधिक कामाची ठरली: हिमवृष्टीच्या आधीच रस्त्यावर मिठाचे द्रावण फवारायचे. बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही, फावड्याच्या गाडीने सहज निघतो आणि मीठही थोडेच लागते.