चुलीचा धूर आणि गिरणीचे धुराडे

मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले की पहिल्या काही पानांतच गिरणीचे धुराडे दिसते. १८५६ साली कावसजी दावर यांच्या गिरणीत सूत निघू लागले आणि पुढील पन्नास वर्षांत परळ-लालबागचे आकाश धुराड्यांनी भरून गेले. त्या धुराड्यांचा इतिहास झाला. परंतु त्यांच्याखाली राबणाऱ्या कामगाराच्या घरात जी चूल पेटत होती तिचा धूर कोठून बाहेर जात होता, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. आमच्या मते हा प्रश्न केवळ स्वयंपाकघरातला नाही. आग कोणी सांभाळायची आणि त्या सांभाळण्याला काम मानायचे की नाही, असा तो प्रश्न आहे.

जुन्या घरात धुराला जागा होती. ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी गावांत, आणि आमचा दिघा त्यांपैकीच एक, कुडाच्या भिंती व वर पेंढ्याचे किंवा कौलांचे छप्पर असे. धूर वर चढे, कौलांच्या फटींतून निघून जाई. वाशांना कीड लागू नये, टांगलेल्या बियाण्याला भुंगा लागू नये, म्हणून त्याचा उपयोगही होई. पण हे सांगताना त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वासे टिकले, चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे आणि छाती मात्र त्याच धुराने झिजली.

हीच चूल मुंबईच्या चाळीत आली, तेव्हा कौलांच्या फटी मागे राहिल्या. स्त्रीकामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंची नेमणूक केली होती. १९२२ साली त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली, लहानमोठी मिळून तीस माणसे. सहा बिऱ्हाडांचा पुरावा कोणता? जमिनीवरच्या सहा वेगवेगळ्या चुली! त्यांतल्या तीन बाया लवकरच बाळंत होणार होत्या. सहा चुलींच्या धुराने भरलेली ती खोली आई आणि मूल दोघांनाही घातक आहे, असे त्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट नोंदले. अशा खोल्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

त्या वेळी सरकारला धुराचा उपद्रव ठाऊक नव्हता असे नाही. १९१२ सालीच मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. पण त्याची व्याख्या पाहावी: खाजगी घरात घरगुती कामासाठी पेटवलेली चूल त्या कायद्यातून वगळलेली होती. पुढे १९२३ च्या बॉयलर कायद्याने बॉयलरला तपासणी सक्तीची केली, आणि प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांपलीकडे नसे. म्हणजे गिरणीच्या आगीला तपासनीस होता, राखणदार होता, त्या राखणदाराला पगार होता. घरच्या आगीला फक्त घरची बाई होती. कायदा घरात शिरला नाही हे एकवेळ समजू. पण घरमालकाकडून धूर जाण्याची वाट मागणेही कोणाला सुचले नाही.

विलायतेत धुराडे साफ करणे हा धंदा ठरला. पण तो गरिबांच्या पोरांच्या जिवावर चालला. अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवीत. ती चाल मोडायला अनेक कायदे करावे लागले, आणि १८७५ च्या कायद्यानंतरच ती खऱ्या अर्थाने थांबली. धुराडे आले म्हणजे ते साफ करणारा माणूसही आला, आणि त्याचा जीवही मोजला पाहिजे, हा त्यातला धडा.

आपल्याकडे चुलीचा शास्त्रीय विचार झाला तो वर्ध्याला. मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर कसे बांधावे यावर पुस्तिका लिहिली. तत्त्व सोपे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि जाताना धूर ओढून नेते. चूल बंदिस्त करावी, एका जाळावर दोन-तीन भांडी बसवावीत आणि मागून धुराडे छपराच्या वर न्यावे. मात्र धुराड्यात काजळी साचली की ही ओढ मंदावते आणि धूर उलटा घरात येतो. साचलेली काजळी पेटही घेते. धुराड्याला तडा असेल आणि शेजारी लाकडी वासा असेल, तर घर जायला वेळ लागत नाही.

१९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. बसवलेल्या चुलींची गणती झाली. टिकलेल्यांची चिंता तितकी झाली नाही. ओडिशात अशा धुराड्याच्या चुलींची काही संशोधकांनी चार वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे देखभालीअभावी तो लाभ राहिला नाही. यात बायकांचा आळस पाहणाऱ्यांनी विचार करावा: दिवसभर राबणाऱ्या बाईवर आणखी एक बिनपगारी काम टाकले, तर ते कोणत्या वेळेत व्हावे?

आता दिघ्याकडे वळू. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले आणि गावाभोवती, डोंगराच्या अंगावर कामगारांच्या वस्त्या चढल्या. स्टोव्ह आले, मागून गॅस आला. २०१६ साली, नेमक्या कामगारदिनी, उज्ज्वला योजना सुरू झाली. तरीही महिनाअखेर सिलिंडर संपला की कारखान्यातून आलेल्या पॅकिंगच्या फळ्या चुलीत जातात. रंग दिलेली फळी, प्लायवूड, प्लॅस्टिक जाळले की निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुराहून विषारी असतो. पावसाळ्यात दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटवली, तर त्याहून मोठा धोका: कोळशाच्या त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस उठतच नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. चूल असेल तेथे धुराडे असावे, दर महिन्याला त्याची काजळी काढावी, तडे लिंपावेत. शेगडी बंद खोलीत ठेवून निजू नये. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी. आणि हे काम घरातल्या पुरुषानेही करावे. कारखान्यात सुरक्षा समितीची मागणी करणाऱ्या कामगाराने आपल्या घरच्या आगीची तपासणी बायकोवर सोपवून मोकळे होऊ नये. वस्तीपुरते एक-दोन जाणते कारागीर नेमून त्यांना रीतसर मजुरी द्यावी. संघटनेने आणि महापालिकेने मिळून हा खर्च उचलणे अशक्य नाही. १९१२ च्या कायद्याने घरची चूल वगळली होती. आपल्या चळवळीने तरी ती वगळू नये.