पत्रादेवीपलीकडचे पाहुणे

साल 1952, माघ महिना. गुऱ्हाळांचा हंगाम भरात आहे आणि कोल्हापुरात शाहूपुरीच्या पेठेत पाय ठेवायला जागा नाही. गुळाच्या ढेपा मालमोटारीत चढवून तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसता. संस्थान विलीन होऊन तीन वर्षं होत आली, तरी त्याचं आपलं चालूच: "महाराजांच्या राज्यात असलं कागदाचं झंगाट नव्हतं."

कागल, उत्तूर, आजरा मागे पडतं. आंबोलीचा घाट उतरताच अंगातली बंडी नकोशी होते. सावंतवाडी, मग बांदा, आणि पत्रादेवीला भारत संपतो.

कुंपण शोधू नका, ते नाहीच. तीच लाल माती, त्याच काजी. पण इथून पुढे गोवा, तिथला हुकूम लिस्बनहून येतो. नाक्यावरचा पोर्तुगीज शिपाई, गावकऱ्यांच्या भाषेत 'पाखलो', तुमचा कागद उलटासुलटा करतो. त्याला मराठी कळत नाही, तुम्हाला पोर्तुगीज. मधला स्थानिक कारकून दोन्हीकडचं आपल्या सोयीनं सांगतो आणि गाडी सुटते.

पेडण्याचा दुकानदार "येवा, बसा" म्हणत पाट पुढे करतो. हिशेब मराठीत, पैसे मात्र गोव्याच्या रुपयात. सोळा तांगांचा एक रुपया. घाटावरच्या माणसाला तो चेष्टेनं घाटी म्हणतो, आणि त्याच दमात पुतणीसाठी कोल्हापूरकडचं स्थळ विचारतो. कोल्हापुरातल्या कितीतरी सारस्वत घरांचं कुलदैवत मंगेशी, नाहीतर कवळ्याची शांतादुर्गा. नवस इकडे बोलायचा, फेडायला परक्या राज्यात जायचं. उलट वाटेनं गाणं वर आलं. फोंड्याजवळच्या केरीची केसरबाई केरकर आठ वर्षांची असताना अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला कोल्हापुरातच आली होती.

परतताना खरी झडती आपल्या नाक्यावर. मुंबई राज्यात दारूबंदी आहे, शिवाय घड्याळं आणि सोनं याच वाटेनं येतं. शिपाई सुक्या बांगड्यांच्या करंडीत लोखंडी सळई खुपसतो, बाहेर काढून हुंगतो, तोंड वाकडं करतो. सोलांचं गाठोडं सोडून पुन्हा बांधतो, तेही सैल. घाटभर ती सोलं गाडीत सांडत राहतात.

आता तीन वर्षं पुढे या. 15 ऑगस्ट 1955. त्याच नाक्यासमोर गोवा मुक्तीसाठी आलेले, हातात तिरंगा घेतलेले निःशस्त्र सत्याग्रही उभे आहेत. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट अशाच तुकडीबरोबर आत गेले होते. आज थेट गोळ्या सुटतात. पंजाबहून आलेला कर्नैलसिंग पत्रादेवीला पडतो. त्या दिवशी सीमेवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक माणसं मारली जातात.

मग भारतानं सीमा बंद केली. ते समजण्यासारखं होतं; गोळीबारानंतर गूळ कुठल्या तोंडानं पाठवायचा? पण नाकेबंदीनं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाकला नाही. त्यानं बटाटे हॉलंडहून आणि तांदूळ पाकिस्तानातून जहाजानं आणवले. हाल झाले ते पेडण्याच्या दुकानदाराचे आणि मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या गोव्यातल्या घरांचे. आंबोलीपलीकडच्या लेकींचं माहेर तुटलं. दिल्लीच्या फायलींत या माणसांचा रकाना नव्हता, हे माझं मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

18 डिसेंबर 1961 ला भारतीय फौज गोव्यात शिरली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांचा अंमल संपला.

आता आपल्या काळात परत या. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, तिथे दहा मिनिटं थांबा. आणि येताना फेणी घेतली असेल तर परवाना जवळ ठेवा, बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या नाक्यावर अजूनही डिकी उघडायला लावतात.