शाइर आणि शाहीर

माझ्या वेळापत्रकात उर्दूचा तास संपला की लगेच मराठीचा तास असतो. उर्दूच्या पुस्तकात ‘शाइर’ येतो. तो मुशायऱ्यात बसतो, समोर शमा असते, दाद मिळाली की हात कपाळाला लावून आदाब करतो. पुढच्या तासाला मराठीच्या पुस्तकात ‘शाहीर’ येतो. हा उभा असतो, डोक्यावर फेटा, हातात डफ, मागे झीलकरी. शब्द एकच आहे, अरबीतून फारसीत आणि फारसीतून दोन्ही भाषांत आलेला. पण मुलांना विचारा, शाइर कोण? ‘आपला, सर.’ आणि शाहीर? ‘त्यांचा.’

ही वाटणी कधी झाली, हे पाहण्यासारखे आहे. फार जुनी नाही.

पेशवाईच्या उत्तरकाळात डोकावले तर फडावर कोण कोण दिसते? रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण. होनाजी गवळी. परशराम शिंपी. अनंत फंदी संगमनेरचा ब्राह्मण, आडनाव घोलप. पण ते आडनाव लोक विसरले. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची इतकी दोस्ती, की त्या फकिराचे ‘फंदी’ याला चिकटले आणि मराठी साहित्याच्या इतिहासात कायमचे राहिले. आणि सगनभाऊ. जेजुरीचा, मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे तलवारी-सुऱ्यांना धार लावणारा. त्याच्या लावण्या पुण्यात गाजल्या, होनाजीच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जायचे, आणि पेशवाई बुडाली तेव्हा तिच्या अखेरीवर पोवाडा रचणाऱ्यांत तो होता. ज्या जेजुरीच्या खंडोबाला लोक ‘मल्लूखान’ही म्हणतात, तिथला माणूस असाच असणार, असे मला वाटते.

त्या काळी सगळे गळ्यात गळा घालून राहत होते असे मी म्हणत नाही. जात कडक होती, पायरी ठरलेली होती. मुलाण्याला गावगाड्यात बलुते मिळे, ते त्याच्या कामाचे. मानपानाची जागा आखलेली. पण फडावर सवाल टाकला की जवाब द्यावा लागे, तिथे कलमा उपयोगी पडत नसे की जानवे. कलगीवाल्यांनी शक्तीला मोठे मानायचे, तुरेवाल्यांनी शिवाला, आणि या दोन पंथांच्या उगमाची जी कथा उत्तर हिंदुस्थानात सांगतात, तिच्यात तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर. म्हणजे भांडणसुद्धा भागीदारीत.

आता मोहरमचे पाहू. पुण्यात आणि आसपासच्या गावांत १९व्या शतकात मोहरम हा सगळ्यांचा उत्सव होता. हिंदू घरांतून ताबूत बसत, नवस फेडायला लोक दहा दिवस फकीर होत, अंगाला पट्टे रंगवून वाघ नाचत, टोळ्या गात निघत. आमच्या उलेमांना यातले पुष्कळसे तेव्हाही पसंत नव्हते, हे सांगायला हवे. पण पुण्याच्या कारागीर वस्तीचे नाचगाणे वर्षातून एकदा रस्त्यावर यायचे, ते या दिवसांत.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, पुण्यात हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवावी असा प्रचार झाला, आणि त्याच वर्षी टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर झाला. इतिहासकारांनी नोंदवले आहे की गणपतीपुढच्या मेळ्यांचा घाट मोहरमच्या टोळ्यांवरून घेतलेला होता. तीच तरुण पोरे, तेच ठेक्यावर पावले टाकत गाणे, तशीच मिरवणूक. पोशाख मात्र शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचा, आणि काही पदांचा विषय असा, की ताबूत सोडा. मशिदीवरून वाजत जाण्याचा वादही त्याच वर्षांत पेटला. म्हणजे संगीत हे आता सण साजरा करायचे साधन राहिले नाही, हद्द आखायचे झाले.

आम्ही मावळातली माणसे. ‘मावळा’ हा शब्दच आमच्या तालुक्याच्या मातीतला. म्हणून मला ते पोशाखाचे वाचताना थोडे हसू येते आणि थोडे टोचतेही. पुण्याच्या पेठेतला मुलगा एका संध्याकाळीपुरता मावळा झाला, आणि वडगावचा पिंजारी, अत्तार, तांबोळी, जो पिढ्यान्पिढ्या मावळातच राहतो, तो त्या शब्दातून हळूच बाहेर पडला. टिळक पुढे बदलले, १९१६ चा लखनौ करार त्यांनीच घडवून आणला, हे खरे. पण ठेका एकदा लोकांच्या पायांत बसला की पुढारी बदलल्याने तो बदलत नाही.

सगळीकडे असे झाले असेही नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आजही निघतात आणि त्यांतले कित्येक हिंदू घराण्यांचे आहेत. इथल्या मातीत दुसऱ्याला आपल्या शब्दात बसवून घेण्याची खोड आहेच. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला. शत्रूच तो. पण मराठ्यांनी त्याची मर्दुमकी पाहून ‘इष्टुर फाकडा’ केला, आणि याच नावाने तो अजून ओळखला जातो.

मग २०व्या शतकात बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलने शाहीर हा शब्द पुन्हा उचलला. हेच अमर शेख. जन्म १९१६ चा. आई मुनेरबी जात्यावर ओव्या गायची, मराठी ओव्या. पोराचा गळा तिथे तयार झाला. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार, संपात तुरुंग, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातून गणपतीऐवजी मातृभूमी आणि छत्रपतींना वंदन आणले, आणि तमाशावर सरकारची बंदी आली तेव्हा त्यालाच लोकनाट्य म्हणून उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना अमर शेखांचा आवाज लागला की मैदान थांबायचे, असे त्या सभा पाहिलेले लोक सांगत. शिवाजी महाराजांवर गाताना त्यांना कुणी ‘तुम्ही कसे?’ असे विचारले नाही. विचारायची सोयच नव्हती. ज्या महाराष्ट्राची मागणी चालली होती, तिचा तो गळाच होता. १९६९ मध्ये इंदापूरजवळ अपघातात ते गेले.

त्यांच्या मागे आमच्यात कोण? इथे बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. पोवाड्याचा ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ असा तमाशा झाला, हे एक दार. दुसरे दार आम्ही आतून लावले. उर्दू शिकलो, ते चांगले झाले. मी त्याच्यावर पोट भरतो. पण उर्दूबरोबर शराफतीची एक कल्पना आली, तिच्यात गालिब बसतो, सगनभाऊ बसत नाही. दादीच्या काळी लग्नात बायका ढोलक घेऊन दखनीत गाणी म्हणायच्या, हळदीला, जलव्याला. ती गाणी ‘जाहिलपणा’ म्हणून बंद झाली. त्यांच्या जागी काय आले? वरातीत डीजे. त्याला कुणी जाहिलपणा म्हटल्याचे मी ऐकले नाही.

तमाशाबद्दल तर बोलायलाच नको. तळेगावजवळच्या इंदोरीचे दादू इंदुरीकर, ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार, १९७३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, आमच्या तालुक्याचा एवढा मोठा माणूस, आणि आमच्या घरांत हे नाव माहीत नाही. ‘तमाशा’ हा शब्द मात्र सगळ्यांना येतो, अरबी-फारसीच तो.

यंदा स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांचा पोवाडा ठेवला. विषय वडगावची लढाई: तळेगावच्या तळ्यात तोफा टाकून रात्री माघारी निघालेले इंग्रज, महादजी शिंद्यांनी टाकलेला वेढा, आणि तहावर सही करणारे साहेब. कडवी आम्हीच जुळवली. मुख्य गळ्यासाठी जो मुलगा निवडला, तो अत्तारांचा. आवाज खणखणीत, फेकही चांगली. दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा शाळेत आले. भांडायला नाही, अवघडून आले होते.

‘सर, मुलाला गाऊ द्यायला माझी ना नाही. पण मोहल्ल्यात लोक म्हणतील, हा त्यांचं गातो.’

मी त्यांना सगनभाऊ सांगितला. त्यांनी शिकलगार हा शब्द ऐकला आणि म्हणाले, ‘माझी नानी शिकलगारांची.’ मग थोडा वेळ गप्प बसले. पुढचा प्रश्न दीनचा होता, आणि तो त्यांनी सरळ विचारला: वाजवणार काय?

मी म्हटले, डफ. लग्नात, ईदच्या दिवशी डफ वाजल्याचे हदीसमध्ये आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शाहिराच्या हातातला डफ तोच, फक्त घेर मोठा.

‘डफ चालेल,’ ते म्हणाले. ‘ढोलकी नको, सर. आणि फेटा मी बांधीन त्याला, मला येतो.’