केरन ते टांगाईल : एका मराठा पलटणीची गोष्ट

इथे जयपूरमध्ये मराठी माणसे जमली आणि मी फौजेतला निवृत्त अधिकारी आहे हे कळले, की कोणी ना कोणी विचारतेच, "साहेब, महायुद्धात आपली माणसे लढली ती इंग्रजांसाठी. मग त्यांचा अभिमान कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज एका पलटणीच्या आधाराने त्याचे उत्तर देतो. ती पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. फौजी बोलीत 'थ्री-फिफ्थ'.

१९४१ साल. एरिट्रियातले केरन हे गाव डोंगरांनी वेढलेले. तिथे जायला एकच रस्ता, तोही अरुंद घळीतून, आणि दोन्ही बाजूंच्या माथ्यांवर इटालियन सैन्य. रस्त्यावर नजर ठेवणारा डोलोगोरोडॉकचा किल्ला हाती आल्याशिवाय पुढे सरकणे अशक्य होते. १५ मार्चला दिवसा झालेला ब्रिटिश पलटणीचा हल्ला फसला. मग थ्री-फिफ्थला 'पिनॅकल' नावाचा सुळका घ्यायला पाठवले. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. वरून गोळ्या आणि हातबॉम्ब येत असताना मराठे चढले आणि सुळका घेतला. शेजारचा 'पिंपल' फ्रंटियर फोर्सच्या पलटणीने घेतला. त्यामुळे वेस्ट यॉर्कशायरच्या पलटणीला १६ मार्चच्या पहाटे किल्ला घेता आला. २७ मार्चला केरन पडले. या लढाईत आपल्या बाजूचे ५०० हून अधिक जवान मेले आणि ३,००० हून अधिक जखमी झाले. त्याच डोंगरांत फेब्रुवारीत राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता.

आता १९४४, इटली. केरनचे रीड मधल्या काळात शत्रूच्या कैदेत पडले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि मेजर जनरल होऊन दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. थ्री-फिफ्थ याच डिव्हिजनमध्ये होती. १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन चालली. घाडगे सोडून सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. ते एकटे धावले. हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद केली आणि एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवले. मग लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता.

त्या जुलैत नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते. साताऱ्यात प्रतिसरकार चालू होते. इंफाळच्या आघाडीवर नेताजींची आझाद हिंद सेना लढत होती आणि तिच्यासमोरही भारतीय पलटणी होत्या. हे झाकून शौर्यकथा सांगणे मला पटत नाही. साम्राज्याला भारतीय सैनिक हवा होता, भारतीय नागरिक नको होता. घाडगे यांच्यासारख्या पोरांना कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालत नव्हते आणि पलटण पगार, कपडे, पेन्शन देत होती. पण पोटासाठी भरती झालेला माणूस एकट्याने मशिनगनवर धावून जातो तो पगारासाठी नव्हे. त्या क्षणी राजा नसतो, लंडन नसते. आजूबाजूला पडलेले सोबती आणि पलटणीची इज्जत, एवढेच असते. पायदळात आयुष्य गेलेला माणूस म्हणून हे खात्रीने सांगतो.

दुसरी गोष्ट. पलटण १९४५ साली संपली नाही. १९४६ मध्ये ती हवाई छत्री पलटण झाली. १९४७-४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून ती काश्मीरच्या नौशेरा-झांगर भागात लढली. १९५२ मध्ये तिचे नाव 'टू पॅरा (मराठा)' झाले. ११ डिसेंबर १९७१ ला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तीच पलटण टांगाईलला उतरली आणि पुंगलीचा पूल घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकडीत ती होती.

आता सांगा, पिनॅकल चढणारी पलटण इंग्रजांची आणि टांगाईलला उतरणारी आपली, अशी रेघ कुठे मारायची? स्वातंत्र्य मिळाल्यावर अवघ्या दोन महिन्यांत काश्मीरवर हल्ला झाला. तेव्हा लढाई शिकायला वेळ नव्हता. केरन आणि इटलीत रक्त सांडून शिकलेले सुभेदार, हवालदार हाताशी होते, म्हणून आपण उभे राहिलो. केरन पुसून टाकले तर झांगरचा हिशेब लागत नाही.

घाडगे यांना वेगळी कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. परक्या गावाने आठवण ठेवली. आपल्याकडे, विशेषतः कोकण आणि साताऱ्याकडे, कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर दगडी पाटी असते : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके परतले नाहीत. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती पाटी शोधा, चुना पोतारला गेला असेल तर खरवडा आणि आकडा मुलांना वाचून दाखवा.

पुढच्या भागात इथल्याच करौलीच्या शिपाई कमल राम यांची गोष्ट. त्यांनीही १९४४ मध्ये, इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जय हिंद.