हिगोनोकामी : खिशातल्या चाकूचा इतिहास

शस्त्र कोणते आणि अवजार कोणते, हा प्रश्न कोशकारांपेक्षा राज्यकर्त्यांना अधिक सतावत आला आहे. त्याचे उत्तर पोलादात नसून समाजाच्या मनात असते, असे जपानमधील एका साध्या चाकूची कथा पाहता आम्हांस वाटते.

मेइजी राजवटीने २८ मार्च १८७६ रोजी हुकूम काढून सामुराईंचा तलवार बाळगण्याचा हक्क संपवला. कमरेची तलवार ही दर्जाची खूण होती. ती गेल्यावर अनेक लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे व शेतीच्या अवजारांकडे वळले. १८९० च्या दशकात ह्योगो प्रांतातील मिकी गावी एक घडीचा चाकू तयार होऊ लागला. मिकीची लोहारकी जुनी. हिदेयोशीने १५७८ ते १५८० असा वेढा घालून तेथील किल्ला जिंकला. उद्ध्वस्त गाव उभारण्यास सुतार जमले आणि त्यांची हत्यारे घडवणारे लोहारही आले, असे परंपरा सांगते. नव्या चाकूचे नाव पडले 'हिगोनोकामी', म्हणजे हिगो प्रांताचा अधिपती. सरदारी किताब असा शाळकरी पोरांच्या खिशात जाऊन बसला!

रचना अगदी साधी. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एका खिळ्यावर फिरणारे पाते आणि पात्याच्या मागे 'चिकिरी' नावाचा छोटा दांडा. पाते अडकवून ठेवणारी कळ नाही. कापताना दांड्यावर अंगठा दाबून धरायचा. तो सैल पडला की पाते बोटांवर मिटण्याची धास्ती. सुरक्षितता चाकूत नव्हती, हातात होती. पेन्सिलीला टोक काढता काढता, बांबूची खेळणी करता करता तो हात तयार होई. पोलाद गंजणारे, त्यामुळे पुसून ठेवण्याची शिस्तही अंगी बाणे.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करीत असताना १७ वर्षांच्या ओतोया यामागुचीने त्यांना भोसकून ठार केले. त्याच्या हाती होती जुन्या धाटणीची आखूड तलवार. परंतु त्यानंतर 'मुलांच्या हाती पाते नको' ही मोहीम देशभर पसरली आणि तिची झळ लागली ती पेन्सिलीच्या चाकूला. उरलेले काम टोकयंत्रांनी केले. आज हे नाव अधिकृतपणे लावणारा एकच कारखाना उरला आहे.

ते भय निराधार होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण तलवारीचा गुन्हा चाकूच्या माथी मारला गेला, आणि एका पिढीच्या हातचे कसब गेले. नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेने पुढे नव्या विद्यार्थ्यांना हाच चाकू भेट देण्याची प्रथा पाडली, ती बहुधा ही उणीव जाणूनच.

आजचा जपानी कायदा पात्याची लांबी मोजतो. ६ सेंटिमीटर ही त्याची सर्वसाधारण मर्यादा, घडीच्या चाकवांना थोडी सवलत. परंतु त्याहून महत्त्वाचा असा एक प्रश्नही तो विचारतो : हे कशासाठी जवळ बाळगले? मोजपट्टीपेक्षा हा प्रश्न आम्हांस अधिक शहाणा वाटतो. मात्र ज्या हाताने कधी काही कापलेच नाही, त्याला त्याचे उत्तर कसे सुचावे?