मानसिक आरोग्यसेवेतील कुटुंबाचा सहभाग

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या उपचारांत व पुनर्वसनात तिच्या नातलगांना आणि काळजीवाहकांना सामील करून घेण्याच्या पद्धतीस मानसिक आरोग्यसेवेतील कुटुंबाचा सहभाग असे म्हणतात. भारतात दीर्घकालीन मानसिक आजाराच्या रुग्णांचा सांभाळ प्रामुख्याने कुटुंबातच होतो. त्यामुळे कुटुंबाचा आधार आणि रुग्णाची स्वतःची इच्छा यांचा मेळ घालणे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

इतिहास

वसाहतकाळातील मनोरुग्णालयांत रुग्णाला घरापासून दूर ठेवले जाई. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातलगांना आवारातील तंबूंत रुग्णासोबत राहू दिले. आजाराची ओळख झाल्याने नातलगांची भीती ओसरे व रुग्णाचे घरी परतणे सुकर होई. पुढे वेल्लोर व बंगळूर येथील संस्थांतही ही पद्धत रुजली.

स्वरूप

आजाराची लक्षणे, औषधांचे परिणाम आणि आजार उलटण्याची पूर्वचिन्हे यांची माहिती कुटुंबाला देणे, यास मनोशिक्षण म्हणतात. सतत टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत स्किझोफ्रेनिया उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. याचा अर्थ कुटुंबामुळे आजार होतो, असा नाही. काळजीवाहकांवरील आर्थिक व मानसिक ताण हलका करणे, हाही या सेवेचा भाग आहे.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. ही व्यक्ती नातलगच असली पाहिजे, असे बंधन नाही. अशी निवड केलेली नसल्यास प्रथम नातलग, त्यानंतर काळजीवाहक असा क्रम लागतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे व्यक्तीला आगाऊ लिहून ठेवता येते. तातडीच्या उपचारांना मात्र हे निर्देश लागू होत नाहीत. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांची तरतूदही कायद्यात आहे.

महाराष्ट्रातील कार्य

डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (सा) ही संस्था रुग्ण व कुटुंबीयांसाठी स्वमदत गट चालवते. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ व काळजीवाहकाला ‘शुभंकर’ म्हटले जाते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा आहे.